गाण्याचा सांठा आणि गाण्याचें गांव

संगीताचा इतिहास आमच्याकडे बहुधा गाणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. घराणीं, गुरुपरंपरा, दरबार, नाटकमंडळ्या यांच्या हकीकती वाचकांस विपुल मिळतात. परंतु त्याच काळांत गाणें ऐकणारा मनुष्य कोठें बसत होता, तें ऐकण्यासाठीं त्याला काय खर्च करावा लागत होता, आणि ऐकलेलें गाणें तो दुसऱ्याच्या हातीं कसें देत होता, याची चौकशी फारशी कोणी केलेली दिसत नाहीं. वास्तविक पाहतां गेल्या सव्वाशें वर्षांत गाण्यापेक्षां ऐकण्याच्या रीतींतच अधिक उलथापालथ झाली आहे. ती सांगतांनाहि आम्ही पांढरपेशे लोक मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतूनच सांगतों: आधीं कर्ण्याचा ग्रामोफोन आला, मग रेडिओ, मग टेप, आणि आतां मोबाइल. ही क्रमवारी चुकीची नाहीं. पण ज्या घरांत प्रत्येक यंत्र वेळेवर येऊन पोंचलें त्या घरांची ती आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत हाच इतिहास सातपुड्यांतील मोलगी या गांवाहून पाहण्याचें आम्ही योजिलें आहे. तेथून तो बराच निराळा दिसतो.

मोलगी हें नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्याचें डोंगरावरचें बाजारगांव. (जिल्हा स्वतंत्र झाला तो १ जुलै १९९८ रोजीं, तोंपर्यंत हा मुलूख धुळें जिल्ह्यांत, आणि त्याहून पूर्वीं पश्चिम खानदेशांत मोडत असे.) उत्तरेस नर्मदा, आणि तिच्या आसपासच महाराष्ट्र, गुजराथ व मध्यप्रदेश या तिहींच्या सीमा एकत्र येतात. भोंवतालच्या पाड्यांत वस्ती मुख्यतः भिल्ल व पावरा लोकांची. बोली नोयरी, देहवाली आणि पावरी. मराठी ही तेथें शाळेची आणि कचेरीची भाषा. आमचूर आणि भगर यांच्या व्यापाऱ्यांना हा बाजार ठाऊक असतो. इतरांच्या कानांवर या मुलखाचें नांव जातें तें होळीमुळें. होळीच्या आधींच्या दिवसांत ठिकठिकाणीं भोंगऱ्या बाजार भरतात, आणि काठी येथें जुन्या संस्थानची राजवाडी होळी होते. अंगावर ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून माणसें रात्रभर नाचतात, मोठमोठे ढोल वाजत राहतात, आणि उंच बांबूची ती होळी पहांट झाल्यावर पेटते.

या गाण्या-वाजवण्याला पूर्वीं सांठा असा एकच होता, तो म्हणजे माणसाची आठवण. हा सांठा मोठा विलक्षण. धान्याचें कणगें न उघडतां ठेवलें तर धान्य राहतें. आठवणींतलें गाणें मात्र वर्षानुवर्षें कोणी म्हटलें नाहीं कीं नाहींसें होतें. म्हणूनच त्याला वेळ आणि निमित्त बांधून दिलेलें असतें. आमच्या घरांतहि पूर्वीं हीच व्यवस्था होती. हादग्याचीं गाणीं चैत्रांत कोणी म्हणत नसे. भूपाळी दुपारीं कोणी गात नसे. आणि जातें थांबलें कीं ओवीहि थांबे. त्या व्यवस्थेंत गाणें ऐकणें याचा अर्थ गाणाऱ्याच्या समोर असणें एवढाच होता. गाणारी बाई कोण, कोणाची लेक, कोणत्या पाड्यावर दिलेली, हें ऐकणाऱ्याला ठाऊकच असे. गाण्यावर नांव लिहिण्याची गरज कोणाला भासली नाहीं, कारण गाणें आणि त्याची मालकीण यांची ताटातूट होण्याचा प्रसंगच येत नसे.

ही ताटातूट प्रथम केली ती ध्वनिमुद्रणानें. एडिसनचें यंत्र १८७७ चें; परंतु आपल्या देशाच्या दृष्टीनें महत्त्वाची तारीख नोव्हेंबर १९०२ ही होय. त्या महिन्यांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गनें कलकत्त्यास गौहरजान प्रभृति कलावंतांचीं गाणीं मुद्रित केलीं. तबकड्या तयार होऊन यावयाच्या त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथून. कलकत्त्याचा कारखाना १९०८ मधला. त्या सुरुवातीच्या तबकड्यांत एक गंमत आहे. गाणें संपतां संपतां गायिका मोठ्यानें आपलें नांव सांगते. परमुलखांतल्या कारखान्यांत मेणाच्या तबकड्यांची सरमिसळ होऊं नये, कोणतें गाणें कोणाचें हें तेथल्या कारागिरांस कळावें, म्हणून ही योजना होती असें सांगतात. कारण व्यापारी असो. पण परिणाम असा झाला कीं गाणें शरीरापासून तुटून समुद्रापलीकडे जातांना गाणारीनें आपलें नांव त्याच्या पदराला बांधून दिलें. ही साधी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें आम्हांस तिचें काम पडणार आहे.

या तबकडीनें महाराष्ट्राचें काय केलें तें सांगण्याची आवश्यकता नाहीं. बालगंधर्वांचीं पदें ज्यांनीं नाटकगृहाची पायरी चढली नाहीं अशा घरांत पोंचलीं; अब्दुल करीमखांसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या ठुमऱ्यांवर एक पिढी वाढली. उलटपक्षीं अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत हयात असूनहि त्यांच्या गाण्याची तबकडी नाहीं, आणि भास्करबुवा बखल्यांचीहि नाहीं. ज्यांनीं सांठ्यांत जाण्याचें नाकारलें किंवा ज्यांना तो योग आला नाहीं, ते आज केवळ शिष्यांच्या गळ्यांतून आणि आख्यायिकांतून ऐकूं येतात. अल्लादियाखांच्या बाबतींत तेवढें पुरेसेंहि ठरलें; त्यांच्यामागें भक्कम शिष्यपरिवार होता.

मोलगीच्या मुलखाला मात्र तबकडीच्या या व्यापारांत स्थान नव्हतें. तबकडी विकावयाची तर गिऱ्हाईक हवें, आणि नोयरींतील गाण्याला गिऱ्हाईक कोण? सरकारच्या भाषापाहणीनें या बोलींची दखल घेतली खरी. ग्रिअर्सनच्या ग्रंथमालेंतील भिल्ली बोलींचा भाग १९०७ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्यांत बोलींचे नमुने छापले गेले. पण तें कागदावरचें अक्षर; त्यांत व्याकरण आहे, सूर नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं या डोंगरांत होळीला काय गात होते, तें आज ऐकण्याचा कोणताहि उपाय आपल्यापाशीं नाहीं.

त्यानंतरचें यंत्र नभोवाणीचें. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. त्याची शक्ति दीड किलोवॅट, आणि पल्ला तीस मैलांच्या आसपास. तेव्हां सातपुड्याचा प्रश्नच नव्हता. ती खासगी कंपनी १९३० मध्येंच बुडाली, सरकारनें काम हातीं घेतलें, आणि १९३६ मध्यें ऑल इंडिया रेडिओ हें नांव आलें. नभोवाणीचा मोठा गुण असा कीं, एकानें ऐकलें काय किंवा लाखांनीं ऐकलें काय, पाठविणाऱ्याचा खर्च तोच राहतो. आणि ऐकणारा कोण याची कोणी नोंद ठेवीत नाहीं. डोंगरावरचा गुराखी ट्रान्झिस्टर कानाशीं धरून बसला तर तो आणि मुंबईचा शेठ सारखेच श्रोते. पुणें केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजीं गीतरामायण सुरू झालें तेव्हां ठरलेल्या वेळीं घरोघर माणसें रेडिओपुढें बसत, ही आठवण अजून सांगणारे लोक आहेत.

परंतु या साधनाचा दुसरा गुण, किंवा दोष म्हणा, असा कीं सांठा एका हातांत असतो. त्या हाताला वाटलें म्हणून १९४० मध्यें पेटीला नभोवाणीवर बंदी झाली, आणि ती तीस वर्षांच्या आसपास टिकली. त्याच हाताला १९५२ नंतर सिनेमाचीं गाणीं नकोशीं झालीं, तेव्हां सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती काढावी लागली. आम्ही शिकलेल्या लोकांनीं त्या वादांत हिरीरीनें भाग घेतला. पेटीच्या श्रुतींविषयीं केवढा खल झाला! पण ज्यांच्या बोलीला त्या सांठ्यांत जवळजवळ जागाच नव्हती, त्यांच्याविषयीं वाद घालण्याचें कोणास सुचलें नाहीं. खानदेशाला पुढें जळगांवचें केंद्र मिळालें. अहिराणीचा सूर तेथून ऐकूं येऊं लागला. सातपुड्यावरचा मनुष्य ऐकणारा झाला, चांगला रसिकहि झाला. पण त्याचें स्वतःचें गाणें यंत्रांतून क्वचितच बाहेर पडे.

कॅसेटविषयीं थोडक्यांत सांगतों. फिलिप्स कंपनीनें ती १९६३ मध्यें काढली. आपल्याकडे तिचा सुळसुळाट झाला तो १९८० नंतर. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानें १९९३ च्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें, एका बड्या कंपनीची मक्तेदारी तिनें मोडली आणि देशभर प्रादेशिक गाण्यांना बाजार मिळवून दिला. शाहिरी, भीमगीतें, कोळीगीतें, अहिराणी गाणीं यांचा त्या काळांतला प्रसार याच फितीवर झाला. मात्र कॅसेटीची नक्कल करावयाची तर दोन यंत्रें हवींत, वीज हवी, आणि प्रत्येक नकलेगणिक आवाज थोडा थोडा घोगरा होत जातो. डोंगराच्या पायथ्यापर्यंत ती आली, घांट मात्र दमानें चढली.

खरी क्रांति झाली ती एका नखाएवढ्या वस्तूनें. तिचें शास्त्र असें आहे. ध्वनि म्हणजे हवेंतील कंप. त्यांचें मोजमाप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन आंकड्यांत लिहून ठेवलें म्हणजे तो अंकरूप होतो. अशा रीतीनें एक मिनिटाचें गाणें लिहावयास सुमारें १० एमबी जागा लागते. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनीं अशी युक्ति काढली कीं, माणसाच्या कानाला एरवींहि ऐकूं न येणारा भाग गाळून टाकावा. त्यायोगें मिनिटाला १ एमबी पुरते. १९९५ मध्यें या पद्धतीला एमपी-थ्री हें नांव मिळालें. आतां हिशेब करून पाहावा. चार जीबीच्या मेमरी कार्डांत चार हजार मिनिटांचें गाणें मावतें. जुन्या दहा इंची तव्यावर दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटें; म्हणजे हें एक कार्ड म्हणजे सहाशेंहून अधिक तवे. एका तव्याचें वजन दोनशें ग्रॅमच्या आसपास धरलें तर तो ढीग सव्वाशें किलोंच्या घरांत जातो. बैलगाडीभर गाणें शर्टाच्या खिशांत मावूं लागलें, आणि शंभर नकला केल्या तरी शंभरावी पहिलीसारखीच.

कोणत्याहि बाजारगांवीं पंधरा वर्षांपूर्वीं हें दृश्य दिसे: मोबाइल दुरुस्तीचें दुकान, आंत एक संगणक, आणि बाहेर कार्ड हातांत घेऊन उभीं असलेलीं मुलें. दहा-वीस रुपये दिले कीं दुकानदार कार्ड "भरून" देई. शहरांतल्या कंपन्यांनीं याला चोरी म्हटलें, आणि सिनेमाच्या गाण्यांपुरतें तें खरेंहि होतें. पण त्या कार्डांत केवळ सिनेमाचीं गाणीं नसत. टिमली आणि रोडाली या नांवांनीं ओळखलीं जाणारीं आदिवासी नाचाचीं गाणीं त्यांत असत, आणि पुढें पुढें ज्याच्या त्याच्या मोबाइलवर मुद्रित केलेला लग्नांतला ढोलहि असे. तेथून तें गाणें ब्लूटूथनें एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जाई. त्याला टॉवर लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. दोघे दहा पावलांच्या आंत उभे असले म्हणजे झालें. छत्तीसगडाकडे सीजीनेट स्वर या उपक्रमानें (तो २०१० मध्यें सुरू झाला) हीच युक्ति बातम्यांसाठीं व गाण्यांसाठीं वापरली, आणि लोकांच्या उच्चाराप्रमाणें तिला "बुल्टू रेडिओ" असें ठसठशीत नांव दिलें. डोंगराळ मुलखाला जें साधन खरोखर मानवलें तें हें. तबकडी, नभोवाणी आणि बव्हंशीं कॅसेट यांनीं सातपुड्याला ऐकावयास शिकविलें. कार्डानें प्रथमच त्याला सांठ्यांत भर घालूं दिली. आणि देण्याची रीति तर जुनीच राहिली: समोर उभें राहून, हातोहात.

आमच्या वर्गांत दरवर्षीं अक्कलकुवा-धडगांवकडील कांहीं मुलें असतात. त्यांपैकीं एकानें सांगितलेली हकीकत आमच्या मनांतून जात नाहीं. त्याच्या आजानें आयुष्यभर ट्रान्झिस्टर ऐकला होता. यंत्रांतून माणूस बोलतो याचें त्याला कांहीं नवल उरलें नव्हतें. नातवानें बाजारांतून कार्ड भरून आणलें आणि त्यांतील आपल्या बोलींतलें एक गाणें त्याला ऐकविलें. आजानें तें शांतपणें शेवटपर्यंत ऐकलें आणि विचारलें, "हा कोणत्या पाड्याचा?" नातवानें मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलें. तेथें दुकानाचें नांव होतें, आणि पुढें "ट्रॅक ०७".

आजाचा प्रश्न आम्हांस संगीताच्या इतिहासांतला मोठा मार्मिक प्रश्न वाटतो. सिनेमाच्या गाण्याविषयीं, गीतरामायणाविषयीं त्यानें तो कधींच विचारला नव्हता. कारण तीं गाणीं कोणत्या पाड्याचीं नव्हतींच. आपल्या बोलींतलें गाणें ऐकतांच मात्र त्याच्या कानाला जुनी संवय आठवली. सूर आला त्या अर्थी त्याच्या मागें माणूस असणार, गांव असणार, नातें असणार. अंकरूप सांठ्यानें सूर जसाच्या तसा पोंचविला. नांव मात्र वाटेंत कोठेंतरी गळलें. नक्कल करतांना आवाज झिजत नाहीं, पण नांव झिजतें. एका दुकानदारानें गाण्याचें नांव बदलून आपलें घातलें, दुसऱ्यानें त्याचें खोडून स्वतःचें घातलें, आणि चार हातांपलीकडे गेल्यावर गाणें निनांवी झालें.

हें अटळ आहे असें मात्र नाहीं. महाराष्ट्रांतच याच्या उलट उदाहरण आहे, आणि तें आमच्या मतें गेल्या अर्धशतकांतील फार मोठ्या वाङ्मयीन कार्यांपैकीं एक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून अधिक गांवें, एक लाखाहून अधिक ओव्या. पिठाच्या गिरण्यांनीं जातीं मुकीं केल्यावर ज्या ओव्या पुढल्या पिढींत नाहींशा व्हावयाच्या, त्या संगणकांत गेल्या. बर्नार्ड बेल यांनीं त्यांतल्या कित्येकींचें ध्वनिमुद्रणहि केलें. आणि २०१७ पासून 'परी' या संस्थेच्या प्रयत्नानें त्या इंटरनेटवर कोणासहि ऐकतां येतात. त्या सांठ्याचें वैशिष्ट्य त्याच्या आकारांत नाहीं. आकाराच्या दृष्टीनें तो एका कार्डांत मावेल. वैशिष्ट्य हें कीं ओवीबरोबर म्हणणारीचें नांव आणि गांव नोंदलें आहे. जात्यावर एकटीनें म्हटलेल्या ओवीला असा मान मिळाल्याचें दुसरें उदाहरण सहज आठवत नाहीं.

कार्डाचें राज्य फार दिवस टिकलें नाहीं. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली, डेटा एकदम स्वस्त झाला, आणि गाणें जवळ ठेवण्यापेक्षां हवें तेव्हां इंटरनेटवरून ऐकण्याची रीति रूढ झाली. इंटरनेट रेडिओ यापूर्वींचाच. अमेरिकेंत कार्ल मॅलामूद यानें १९९३ मध्यें इंटरनेटवरून भाषणें-मुलाखती ऐकविण्यास प्रारंभ केला, आणि पुढल्या वर्षीं ७ नोव्हेंबरला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील डब्ल्यूएक्सवायसी या केंद्रानें आपलें रोजचें प्रसारण त्यावर सोडलें. आज प्रसारभारतीच्या अॅपवर आकाशवाणीच्या दोनशेंहून अधिक वाहिन्या ऐकतां येतात. परदेशीं स्थायिक झालेल्या आमच्या मुलानातवंडांना हें वरदानच आहे. न्यू जर्सींत बर्फ पडत असतां पुणें केंद्राची सकाळची भक्तिगीतें ऐकणारीं कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. (तेथें त्या वेळीं रात्र असते, पण भूपाळीच्या वेळेचा आग्रह आतां कोण धरतो?)

तथापि नांवांत रेडिओ असला तरी ही वस्तु जुन्या नभोवाणीसारखी नाहीं. नभोवाणीचा आवाज पावसासारखा सर्वांवर एकदम पडे. इंटरनेट रेडिओ प्रत्येक श्रोत्याला निराळी धार सोडतो. श्रोते दुप्पट झाले कीं पाठविणाऱ्याचें कामहि दुप्पट. साध्या प्रतीचा, सेकंदाला ६४ किलोबिटांचा आवाज घेतला तरी तासाला सुमारें २९ एमबी ओढावे लागतात. आणि तेंच गाणें उद्यां पुन्हां ऐकावयाचें तर पुन्हां ओढावयाचें. ज्याच्या खिशांत पैसा आहे आणि डोक्यावर टॉवर आहे त्याला हा हिशेब जाणवत नाहीं. अक्कलकुवा आणि धडगांव तालुक्यांतील स्थिति अशी होती कीं, २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद पडल्या तेव्हां कित्येक पाड्यांवरच्या मुलांना व शिक्षकांना नेटवर्कसाठीं टेकडी गांठावी लागे. अशा ठिकाणीं ट्रान्झिस्टर बोलतो, कार्ड बोलतें. इंटरनेट रेडिओ गप्प बसतो.

शिवाय जुना श्रोता अज्ञात होता. नवा श्रोता मोजला जातो. कोणी काय ऐकलें, किती वेळ ऐकलें, कोठें सोडलें याची नोंद होते, आणि त्या नोंदीवरून पुढलें गाणें पुढें केलें जातें. ज्या बोलीला श्रोते थोडे, तिचें गाणें या गणितांत मागें पडावें हें ओघानेंच आलें. कायद्याची बाजूहि येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे तें तयार करणारा निर्माता, आणि त्याचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें. गाणाऱ्याला कलावंत म्हणून कांहीं हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीनें. परंतु जें गाणें साऱ्या पाड्याचें आहे त्याच्याबद्दल पाड्याला कोणी विचारावें, अशी तरतूद त्या कायद्यांत नाहीं. उद्यां एखाद्या शहरी निर्मात्यानें काठीच्या होळीचा ढोल मुद्रित करून चढविला, तर त्या मुद्रणाचा धनी तो.

याचा अर्थ आम्ही इंटरनेटच्या विरुद्ध आहों असा कोणी करूं नये. धडगांवच्या आदिवासी जनजागृति या तरुणांच्या गटानें मोबाइलवर आपल्या बोलींत चित्रफिती तयार करून त्या यूट्यूबवर चढविल्या, आणि साथीच्या दिवसांत सरकारी मराठींतून न पोंचणारी माहिती घरोघर पोंचविली. टिमली आणि रोडाली गाणाऱ्या मंडळ्यांना आज गुजराथेपासून मध्यप्रदेशापर्यंत श्रोते आहेत, आणि ते इंटरनेटनेंच दिले. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कार्ड हरवलें तर एका माणसाचें नुकसान होतें आणि शेजाऱ्यापाशीं नक्कल असते. परक्या देशांतील कंपनीनें दुकान मिटलें तर सर्वांचाच सांठा एका रात्रींत जातो. म्हणून जुनीं कार्डें फेंकून देऊं नयेत, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगत असतों. तीं ऐकावयास हंसूं येतें. परंतु त्यांत २०१० च्या सुमाराचीं जीं गाणीं आहेत त्यांतलीं कांहीं इतरत्र कोठेंहि नसतील.

नांवाच्या बाबतींत एक लहानसा उपाय आम्ही करून पाहिला. सुटींत घरीं जाणाऱ्या मुलांना आम्हीं १९०२ च्या तबकड्यांची हकीकत सांगितली आणि सुचविलें कीं, आजी-मावशीचें गाणें मोबाइलवर घेतांना शेवटीं तिच्याच तोंडून नांव, गांव आणि गाण्याचें निमित्त बोलवून घ्यावें. मोबाइल तारीख आणि वेळ आपण होऊन लिहितो. बाकीचें त्याला ठाऊक नसतें. फाइलीचें नांव कोणीहि बदलील, पण आवाजांतच गुंफलेलें नांव काढून टाकणें तितकेंसें सोपें नाहीं. मुलांना ही कल्पना आवडली. नंदिनी ओझा यांनीं नर्मदेच्या लढ्यांतील लोकांच्या मुखांतून जो इतिहास मुद्रित केला, आणि ज्यांतून २०१७ मध्यें 'लढा नर्मदेचा' हें मराठी पुस्तक निघालें, तें उदाहरणहि त्यांच्या ओळखीच्या मुलखांतलें होतें.

मुलांनीं आणलेलीं मुद्रणें आम्हीं वर्गांत ऐकलीं. बहुतेक बायकांनीं नांव सांगतांना आधीं हंसून घेतलें आहे. कांहींनीं स्वतःचें नांव न सांगतां मुलाचें सांगितलें आहे. त्यांत तळोद्याकडील एका पुनर्वसाहतींत राहणाऱ्या वृद्धेचें लग्नाचें गाणें होतें. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्राचीं जीं तेहतीस गांवें सांपडलीं तीं अक्कलकुवा आणि अक्राणी याच दोन तालुक्यांतलीं. मणिबेली त्यांत पहिलें. धरणाचा सोहळा १७ सप्टेंबर २०१७ रोजीं झाला, आणि जलाशय प्रथम पूर्ण भरला तो २०१९ मध्यें. बाईचें गाणें संपतें, ती आपलें नांव सांगते, आणि मग मुलाचा आवाज येतो: "गांव?" ती कांहीं वेळ बोलत नाहीं. मग त्यालाच विचारते, "तेव्हांचें सांगूं कीं आतांचें?" मुलगा म्हणतो, दोन्ही सांग. ती दोन्ही सांगते, पहिलें जरा मोठ्यानें.